जिना, भाग दोन

मंगळवार, १४ ऑक्टोबर. सकाळी साडेनऊला वन्सं डोळे तपासायला गेल्या. दहाला दंतवैद्य आले, वन्संचा टेपरेकॉर्डर उघडून बसले. बाराला गेले. पंख्यांची पाती पुसली. वन्सं पावणेएकला परतल्या. दीडपासून घरात बोलणं बंद.

माझ्या डायरीत त्या दिवशीच्या पानावर एवढंच आहे. बोलणं बंद म्हणजे वन्संचं. माझं चालूच होतं, पण भिंतीशी.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. वय एक्क्याऐंशी, उंची पाच फुटांच्या आत, लग्न केलं नाही. नवरा अकरा वर्षांपूर्वी गेला आणि वारसाहक्कानं मला त्याची बहीण मिळाली. लग्न केलं ते त्याच्याशी, पण संसाराची वर्षं मोजली तर वन्संबरोबरची अकरा जास्त भरतात. पहिल्या दिवसापासून त्या आमच्याच घरात होत्या; किंवा त्यांच्या मते, मी त्यांच्या घरात होते.

त्या लिफ्ट बनवणाऱ्या एका कंपनीत नकाशे काढायच्या. टेबलापाशी उभं राहून, टोकदार पेन्सिलीनं, मिलिमीटरचासुद्धा फरक चालायचा नाही. नोकरीला वीस वर्षं झाली तेव्हा कंपनीनं विचारलं, भिंतीवरचं घड्याळ हवं की घरगुती संगणक? बाकीच्या अकरा जणांनी घड्याळं घेतली. वन्सं संगणक घेऊन आल्या. तो म्हणजे एक जाडजूड कीबोर्ड, बस. पडदा नाही, काही नाही. तो टीव्हीला जोडायचा आणि कॅसेटच्या टेपरेकॉर्डरला जोडायचा. कार्यक्रम कॅसेटमध्ये आवाजाच्या रूपानं भरलेला असे, आणि तो आवाज काय वर्णावा. मांजराच्या शेपटीवर पाय द्यायचा आणि सहा मिनिटं काढायचाच नाही, असा. माझ्या सासूबाई म्हणजे त्यांच्या आई म्हणाल्या होत्या, "घड्याळ आणलं असतंस तर निदान तासाला एकदाच वाजलं असतं."

तो संगणक बनवणारी कंपनी चार वर्षांत बुडाली. सगळ्यांनी आपापले कीबोर्ड माळ्यावर टाकले. वन्संनी टाकला नाही. त्यांच्यासारखीच आणखी काही माणसं निघाली, आणि त्यांचं एक मंडळ झालं. अडतीस वर्षं झाली या यंत्राला. आता मंडळात सात जण उरलेत, आणि दर महिन्याच्या तिसऱ्या रविवारी ते आमच्या पुढच्या खोलीत जमतात. एकमेकांच्या यंत्रांचे सुटे भाग बदलतात. वयोमानानं पिवळं पडलेलं प्लास्टिक पांढरं व्हावं म्हणून त्याला केस रंगवायचं ब्लीच फासून माझ्या गॅलरीत उन्हात घालतात, दर अर्ध्या तासानं पालथं करतात. त्यांच्या स्वतःच्या डोक्यावर ते ब्लीच लावावं इतके केस कुणाच्या उरलेले नाहीत. यंत्राला जुनं म्हटलेलं त्यांना खपत नाही. 'मूळ' म्हणायचं.

आता वन्संची मुख्य कामगिरी. पस्तीस वर्षांपूर्वी त्यांनी या यंत्रावर स्वतः एक खेळ लिहिला. नाव 'जिना'. एक बाई पाण्याची बादली घेऊन जिना चढते आहे. वरून शेजारीपाजारी उतरत असतात. कुणी गादी घेऊन, कुणी सायकल घेऊन, कुणी नुसतंच हात हलवत आणि बोलत. त्यांना चुकवायचं, पाणी सांडू द्यायचं नाही, मजले चढायचे. ती बाई सगळी मिळून चाळीस-पन्नास ठिपक्यांची. मागे अंबाडा, कमरेत किंचित वाकलेली. मी पहिल्यांदा बघितली तेव्हाच म्हटलं, "वन्सं, ही मी आहे."

"ती कुणीही असेल."

"अंबाडा माझा आहे."

"अंबाड्याला चारच ठिपके दिलेत. चार ठिपक्यांत कुणाचाही अंबाडा होतो."

हा खेळ त्यांनी कॅसेटवर भरून शंभराच्या वर लोकांना पोस्टानं पाठवला. त्यात सहा मजले होते. सातवा, आठवा, नववा त्यांनी दुसऱ्या कॅसेटवर ठेवले आणि नियम केला: जो सहावा मजला चढेल त्याला पडद्यावर एक आकडा दिसेल, तो आकडा त्यानं पत्रातून कळवायचा, मग त्याला भाग दोन पाठवला जाईल. पस्तीस वर्षांत आकड्याचं एकही पत्र आलं नाही. सहाव्या मजल्यावर एक लठ्ठ बाई जिना अडवून उभी राहते, आणि तिला कसंही ओलांडायला गेलं तरी बादली सांडते. लोकांनी उड्या मारल्या, खालून सरपटून बघितलं, यंत्र चालू-बंद करून बघितलं. मंडळानं पुढे सगळ्यांच्या कॅसेटी नव्या संगणकात उतरवून जपून ठेवल्या, तेव्हा वन्संनाही भाग दोन मागितला. वन्सं म्हणाल्या, "न चढता वरचा मजला बघायचा नाही."

त्यामुळे भाग दोनची जगात एकच कॅसेट. वन्संच्या कपाटात, लोकरीच्या टोपीत गुंडाळलेली.

हे असंच चाललं असतं, पण मंडळानं या यंत्रावरच्या झाडून सगळ्या कार्यक्रमांची यादी करायला घेतली. ती नेटवर जायची होती, जगभर, कायमची. यादीचे संपादक तपासनीस. ते बसमध्ये तिकिटं तपासायचे, निवृत्त होऊन सतरा वर्षं झाली, पण समोरचा माणूस विनातिकीट आहे असं धरूनच बोलतात. त्यांनी यादीचा मसुदा पाठवला. त्यात लिहिलं होतं: 'जिना. मजले सहा. पुढील मजले असल्याचा दावा, पुरावा नाही.'

वन्संनी ती ओळ भिंगातून तीनदा वाचली. मग फोन लावला.

"दावा म्हणजे काय हो?"

"बाई, सहावा मजला पारच होत नाही," तपासनीस म्हणाले. फोनचा आवाज मोठा असतो, मला सगळं ऐकू येतं. "जो पारच होत नाही त्याच्या पुढे कोण कशाला लिहील? लिहिलं म्हणून सांगायचं, आणि कुणी पोचूच नये अशी व्यवस्था करायची. आमच्या डेपोत असले बरेच होते."

"रविवारी दाखवते."

"रविवारी दुपारी यादी जाते. त्याआधी दाखवा."

वन्संचे डोळे हल्ली अंधुक झालेत. डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन करू, पण एका डोळ्याची खात्री नाही. आयुष्यभर मिलिमीटर मोजलेल्या बाईनं तीन मजले लिहिले नाहीतच, अशी नोंद जगभर होणार होती. मी त्यांना नियमाची आठवण करून दिली नाही. त्यांनीच कपाटातून टोपी काढली.

आणि मंगळवारी दंतवैद्य आले.

दंतवैद्य मंडळातले सगळ्यात तरुण, वय एकसष्ट. मनानं सोन्यासारखे. पण वाकडं काही दिसलं की त्यांचा हात शिवशिवतो. टेपरेकॉर्डरमध्ये एक बोटाच्या नखाएवढं हेड असतं, ते कॅसेटच्या फितीवरचा आवाज वाचतं. ते फितीला काटकोनात बसलेलं हवं. त्यासाठी एक बारीक स्क्रू असतो. गेल्या दोन वर्षांत दंतवैद्यांनी दात कोरायच्या अवजारांनी मंडळातल्या टेपरेकॉर्डरांची हेडं सरळ करून दिली होती, कुणी सांगितलेलं नसताना.

"बघा वहिनी," ते मला म्हणाले, "किती वाकडं आहे. इतकी वर्षं बाई या अवस्थेत राहिल्या."

"त्या कुठल्याही अवस्थेत राहतात," मी म्हटलं आणि पंखा पुसायला स्टुलावर चढले. थांबवायला हवं होतं, पण मला काय ठाऊक.

हेड वाकडं झालं होतं ते माझ्या नवऱ्यामुळे. पेपर वाचत वाचत चालायची सवय. वायरीत पाय अडकला, टेपरेकॉर्डर पडला, ते पडले, पेपर पडला. उचलला फक्त पेपर. तेव्हापासून वन्संनी जे काही कॅसेटवर भरलं ते त्या वाकड्या हेडनं भरलं, आणि वाकड्यानं भरलेलं वाकड्यानं बिनबोभाट वाचलं जायचं. 'जिना' त्यानंतरचाच. दंतवैद्यांनी हेड सरळ केलं आणि जगातल्या सगळ्या कॅसेटी वन्संच्या टेपरेकॉर्डरवर सुरळीत चालायला लागल्या. वन्संच्या स्वतःच्या सोडून.

वन्सं डोळ्यांत थेंब घालून आल्या होत्या. दिसत काही नव्हतं, पण कॅसेट बोटांनी बसवली. सहा मिनिटं मांजर किंचाळलं. पडद्यावर चूक झाल्याचा इशारा आला. दुसरी कॅसेट. तोच इशारा. तिसरी.

"कोण आलं होतं?"

मी सांगितलं. त्यानंतर बोलणं बंद.

संध्याकाळी दंतवैद्यांना मीच बोलावलं. ते आले ते हसत, आभार ऐकायच्या तयारीनं. वन्संनी त्यांना समोर बसवलं.

"मूळचं हेड किती अंशात होतं?"

"खूपच वाकडं होतं, बाई."

"किती?"

"म्हणजे... मोजलं नाही."

"खूण केलीत?"

दंतवैद्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. प्रकार त्यांच्या ध्यानात आला.

"दात काढता तेव्हा तरी कुठला काढायचा ते लिहून ठेवता ना?" वन्सं म्हणाल्या. "की तोंड उघडलं की जो दिसेल तो?"

बुधवार आणि गुरुवार आम्ही तिघं त्या स्क्रूच्या मागे लागलो. दंतवैद्यांनी दवाखान्याच्या वेळा पुढे ढकलल्या. स्क्रू केसभर फिरवायचा, कॅसेट लावायची, ऐकायचं. वाकडेपणा नेमका जुळला की आवाज चिरका आणि स्वच्छ होतो. जुळला नाही तर तोंडावर पांघरूण घेतल्यासारखा. वन्संना हल्ली तो वरचा सूर ऐकूच येत नाही. दंतवैद्यांचे कान तीस वर्षं ड्रिल ऐकून गेलेले. राहता राहिले मी. ज्या आवाजाच्या नावानं मी अडतीस वर्षं बोटं मोडली तो आवाज आता मला दोन दिवस टेबलाला कान लावून ऐकावा लागला.

"आता?"

"पांघरूण."

"आता?"

"पातळ पांघरूण."

"आता तरी?"

"आता मांजर मेलं असावं."

एकदा फार जवळ आलो. आवाज सणसणीत झाला, मी हात वर केला, सगळे गप्प. पाच मिनिटं वीस सेकंद झाली. दंतवैद्य डोळे मिटून ओठ हलवत होते, देवाचं नाव घेत असावेत. साडेपाच मिनिटांनी तोच इशारा आला.

वन्संनी कॅसेट बाहेर काढली आणि हेडवरून बोट फिरवलं. बोटाला तपकिरी भुकटी लागली. ती फितीचीच होती. जितकी वेळा वाजवू तितकी झिजत होती.

"पुरे," त्या म्हणाल्या. "उरलेली खरवडू नका."

"बाई, अजून एक प्रयत्न—"

"तुम्ही जा आता. लोकांची तोंडं उघडी पडली असतील."

शुक्रवारी सकाळी वन्सं दहा वाजता आडव्या झाल्या. दिवसाढवळ्या आडवी झालेली ही बाई मी आजवर बघितली नव्हती. त्यांचा भाऊ, म्हणजे माझा नवरा, गेला त्या दिवशीसुद्धा त्या खुर्चीत ताठ बसून येणाऱ्यांची नावं लिहून घेत होत्या. मी चहा नेला.

"लिहू दे त्याला सहा," भिंतीकडे तोंड करून त्या म्हणाल्या.

"वन्सं, चहा."

"नाहीतरी आकडा आकडाच. सहा काय, नऊ काय. उलटा धरला की झालं."

एवढा वाईट विनोद त्या शुद्धीवर असताना करत नाहीत. मी पेला ठेवला आणि माझ्या डायऱ्यांचं कपाट उघडलं.

मला एक गोष्ट आठवत होती. शंभर कॅसेटी गेल्या तेव्हा त्याही वन्संच्या वाकड्या हेडनं भरलेल्या होत्या. लोकांच्या सरळ यंत्रांवर त्या चालेनात. घरी तक्रारींची पत्रं यायला लागली. वन्सं सगळ्यांना एकच उत्तर पाठवत: 'तुमचं यंत्र घेऊन या.' बरेच जण चिडून गप्प बसले. काही खरंच टेपरेकॉर्डर काखोटीला मारून आले. वन्संनी त्यांची हेडं आपल्या हेडाइतकीच वाकडी करून दिली, आणि त्या लोकांचंच मंडळ झालं. माणसं साधारणतः सुधारण्यासाठी मंडळं काढतात. हे एकच मंडळ असं असेल की ज्यात भरती व्हायला आधी वाकडं व्हावं लागायचं.

मी त्या काळातल्या डायऱ्या काढल्या आणि जेवायच्या टेबलावर बसून पानं उलटली. सतरा माणसं आली होती. प्रत्येकाची तारीख होती, किती चहा झाले ते होतं. सतरांपैकी सहा वारले होते, पाच कुठे गेले कुणाला माहीत नव्हतं. उरले सहा. म्हणजे वन्संखेरीज सगळं मंडळ; दंतवैद्य तेव्हा वडिलांचा टेपरेकॉर्डर घेऊन आले होते. मी दंतवैद्यांना फोन लावला.

"मंडळातल्या सगळ्यांची हेडं तुम्ही सरळ केलीत?"

"सगळ्यांची, वहिनी." आवाज अगदी मेलेला. "आधी माझं, मग बाकीच्यांची. फक्त तपासनीस हात लावू देत नाहीत. म्हणतात, माझ्या वस्तूला हात लावायचा तर आधी अर्ज करा."

मी फोन ठेवला. डायरीत एकतीस वर्षांपूर्वीच्या जूनमधलं पान समोरच होतं: 'बसमधले तपासनीस आले. टेपरेकॉर्डर आणला. वन्संनी हेड वळवलं. खूप वाद घातला. चहा दोनदा.'

वन्संना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी जाऊ दिलं नसतं. मेल्या असत्या पण तपासनिसाच्या दारात गेल्या नसत्या. मी भाजी आणायची पिशवी उचलली आणि निघाले.

तपासनीस दोन रस्ते सोडून राहतात, दुकानांच्या वरच्या मजल्यावर. दार त्यांच्या सुनेनं उघडलं.

"मामंजी आहेत. खेळतायत," ती म्हणाली, नातवंडाबद्दल बोलावं तशी.

आतल्या खोलीत तपासनीस टीव्हीपासून हातभर अंतरावर बसले होते. अंगात बनियन, नाकावर चष्मा. पडद्यावर माझा अंबाडा सहाव्या मजल्यावर उभा होता. त्यांनी कळ दाबली, मी उडी मारली, लठ्ठ बाईला धडकले, बादली सांडली. त्यांनी वहीत एक रेघ ओढली. वहीत तशा रेघांची रानं माजली होती.

मला बघून ते दचकले आणि टॉवेल खांद्यावर ओढला.

"वहिनी, तुम्ही?"

"तुमचा टेपरेकॉर्डर रविवारी हवा आहे."

सगळं सांगितलं. ते ऐकत होते आणि वहीची पानं सारखी करत होते.

"यादीचा संपादक मी," शेवटी म्हणाले. "बाईंचा पुरावा मीच काखेत घालून आणायचा? उद्या विनातिकीट माणूस म्हणेल, तपासनीसच मला तिकीट काढून देतील."

"पुरावा आमचाच आहे. तुमचा फक्त वाकडेपणा हवाय. तो तुम्ही इतका टिकवलात म्हणून विचारायला आले."

"तो मी हौसेनं नाही टिकवला. माझ्या शंभर कॅसेटी आहेत, सगळ्या याच हेडनं भरलेल्या. सरळ केलं तर माझं मलाच वाचता येणार नाही." मग पडद्याकडे बघत म्हणाले, "आणि वहिनी, खरं सांगू? सहावा पार होत नाही. एकतीस वर्षं झाली. नोकरीत असताना रजा काढून बसायचो. वर जर मजला असेल ना, तर मग मी... म्हणजे मग तो असूच शकत नाही."

म्हणजे असं होतं सगळं. वन्संनी तीन मजले लिहिले असतील तर हा माणूस एकतीस वर्षं नापास होता. त्यापेक्षा मजलेच नाहीत म्हणणं त्याला बरं वाटत होतं. मला त्याचा राग यायला हवा होता, पण बनियनमधल्या माणसावर फार वेळ रागावता येत नाही.

"मी बसू का?" मी विचारलं.

"तुम्हाला खेळता येतो?"

"मला चढता येतो."

मी खरंच तो खेळ कधी खेळले नव्हते. पहिल्या मजल्यावर दोनदा सांडलं. तिसऱ्यावर सायकलीखाली आले. तपासनीस मागून 'डावीकडे, डावीकडे' करत होते. सून दारात येऊन उभी राहिली होती. तासाभरानं मी सहाव्यावर पोचले. लठ्ठ बाई आली आणि जिना अडवून उभी राहिली.

"आता उडी," तपासनीस म्हणाले.

मी कीबोर्डवरून दोन्ही हात उचलले आणि मांडीवर ठेवले.

"अहो, दाबा काहीतरी."

"मोठं माणूस उतरत असलं की काय करायचं असतं?" मी म्हटलं. "बादली खाली ठेवायची, भिंतीला लागायचं, आणि जाईपर्यंत गप्प राहायचं."

"बादली ठेवायची कळच नाही."

"काहीच दाबायचं नाही, हीच कळ."

पडद्यावरच्या बाईनं वाकून बादली खाली ठेवली. आम्ही तिघंही बघत होतो. लठ्ठ बाई थांबली, डोकं हलवलं, आणि ठुमकत खाली निघून गेली. अंबाडेवालीनं बादली उचलली, उरलेल्या पायऱ्या चढली. पडदा काळा झाला आणि चार आकडी संख्या आली.

"अय्या," सून म्हणाली. "मला विचारायचं, मामंजी. मी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं."

तपासनिसांनी वहीत शेवटच्या रेघेखाली तो आकडा लिहिला. इतक्या पुरुषांनी पस्तीस वर्षं त्या कळा बडवल्या होत्या आणि एकालाही कळेवरून हात काढावासा वाटला नव्हता.

रविवारी सकाळी अकराला मंडळ जमलं. वन्संनी इस्त्रीची साडी नेसली होती; हरायचं तर नीटनेटकं. दंतवैद्य कोपऱ्यात, स्वतःच खणलेल्या खड्ड्यात उभं राहिल्यासारखे. साडेअकराला तपासनीस आले. एका काखेत टेपरेकॉर्डर, हातात बंद पाकीट. ते त्यांनी वन्संना दिलं. वन्संनी ते फोडून कागद डोळ्यांजवळ नेला, भिंग लावलं, मान वर केली.

"हा आकडा तुम्हाला कुठून मिळाला?"

"सहावा चढलो."

"कसा?"

"हात दुखत होता. म्हणून काढला." हे सांगताना ते माझ्याकडे चुकूनही बघत नव्हते. आयुष्यभर लोकांच्या थापा पकडलेल्या माणसाला स्वतःची थाप मारता येत नाही, पण वन्संना तेवढं दिसत नव्हतं. किंवा दिसलं असेल. त्यांनी कागदाची घडी घालून कमरेला खोचली.

"मग नियमानं भाग दोन तुमचा," त्या म्हणाल्या. "लावा."

तपासनिसांच्या वाकड्या हेडवर भाग दोनची कॅसेट लागली. मांजर किंचाळायला लागलं, आणि मला पहिल्याच सेकंदाला कळलं: पांघरूण नव्हतं. सहा मिनिटांनी पडद्यावर सातवा मजला उभा राहिला.

खेळायचे तपासनीस, सांगायच्या वन्सं, पडदा न बघता. "आता वरून कुत्रं येईल. आलं? त्याला जाऊ द्या. आता थोरली जाऊ येईल, ती बोलत राहील, ऐकल्यासारखं करा." बऱ्याचदा सांडलं. दुपारचे अडीच वाजले. दंतवैद्यांनी दोनदा सगळ्यांना चहा केला, आपण होऊन. नववा मजला चढून अंबाडेवाली शेवटच्या पायरीवर आली तेव्हा सात म्हातारी माणसं खुर्च्या सोडून उभी होती.

दार आलं. दार उघडलं. आत एक ठिपक्यांची म्हातारी, हातात काठी. पडद्याच्या तळाशी मोठ्या रोमन अक्षरांत मराठी ओळ उमटली: नळाला कधीच आलं पाणी. हे कशाला आणलंस?

खेळ संपला.

मग तपासनीस म्हणाले, "हे एवढ्यासाठी?"

"असंच झालं होतं," वन्सं म्हणाल्या.

मी आत जाऊन त्या वर्षीची डायरी बघितली. वन्सं बरोबर होत्या. इमारतीचा पंप आणि लिफ्ट दोन्ही बंद होते आणि मी खालून आमच्या नवव्या मजल्यावर बादलीनं पाणी चढवत होते, त्या आठवड्यातलं पान होतं. मी लिहिलं होतं: 'पाणी सव्वाअकराला आलं.' बाकी काही नाही. नऊ मजल्यांचं मी लिहिलं नव्हतं, सासूबाई दारात काय म्हणाल्या ते लिहिलं नव्हतं. त्या दिवशी वन्सं घरीच होत्या, सुट्टीवर, टीव्हीसमोर. मी दम खात दारात उभी राहिले तेव्हा त्यांनी मान वळवून बघितलंसुद्धा नव्हतं, असं मी इतकी वर्षं समजत होते.

"तेव्हाच उठून अर्ध्या जिन्यात येऊन बादली घेतली असतीत तर?" मी त्यांना विचारलं, सगळ्यांसमोर. "चार मजले तरी वाचले असते माझे."

"आईसमोर?" त्या म्हणाल्या. "आणि हे तिच्या हयातीत दाखवलं असतं, तर दहावा मजला मला स्वतःसाठी लिहावा लागला असता."

"म्हणजे ती मीच."

"अंबाडा चारच ठिपक्यांचा आहे," वन्सं म्हणाल्या. "पण हो."

तपासनिसांनी यादीतली ओळ खोडली आणि लिहिलं: 'जिना. मजले नऊ. संपादकानं स्वतः चढून पाहिले.' शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी 'शेवट अन्यायाचा' असंही लिहिलं होतं. वन्संनी भिंगातून वाचून ते ठेवायला सांगितलं. दंतवैद्यांनी हळूच विचारलं, बाईंचं हेड आता तपासनिसांच्या हेडाइतकं वाकडं करू का, समोर नमुना आहेच. वन्सं म्हणाल्या, करा, पण आधी खूण करा. आणि ते पेन्सिल शोधायला लागले. तीन वाजून दहा मिनिटांनी यादी गेली.

रविवार, १९ ऑक्टोबर. मंडळातले सगळे आले, चारला गेले. यादीत नऊ मजले लिहिले. वन्सं नीट जेवल्या. दूध दीड लिटर लागलं. चहाची गाळणी सापडत नाही, दंतवैद्यांना विचारायचं.